भाषणकलेच्या क्लबमधली पहिली संध्याकाळ: दारापासून पहिल्या भाषणापर्यंत

भाषणकलेच्या क्लबच्या दाराशी नवा माणूस लगेच ओळखू येतो. आत शिरण्याआधी तो उगाच फोन काढतो, दारावरचा कागद दोनदा वाचतो आणि आत आला की शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची धरतो. मीही तीच खुर्ची धरली होती. पुढे कित्येक वर्षं त्याच दाराशी उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करण्याचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या संध्याकाळी लोक काय विचारतात, कशाला बिचकतात, कशामुळे पुन्हा येतात आणि कशामुळे फिरकत नाहीत, हे मी जवळून पाहिलं आहे. हा लेख त्या कडेच्या खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. क्लबमध्ये बोलायला मिळतं हे खरं, पण बोलायची वेळ तर मीटिंगमध्ये, वर्गात, समारंभातही येते. तिथे बोलून झालं की लोक ‘छान बोललात’ म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. क्लबमध्ये मात्र त्याच संध्याकाळी कोणीतरी उभं राहतं आणि तुमचं बोलणं ऐकणाऱ्यापर्यंत कसं पोचलं हे नेमकं सांगतं. या अभिप्रायासाठी क्लबमध्ये जायचं. सगळी संध्याकाळ त्या दृष्टीने पाहिलीत, तर पहिल्याच दिवशी काही शब्दही न बोलता बरंच हाताला लागेल.

हे क्लब कसे चालतात

आज जगभर दिसणारी या क्लबची पद्धत बरीचशी टोस्टमास्टर्स या संस्थेने रुळवलेली आहे. राल्फ स्मेडली यांनी २२ ऑक्टोबर १९२४ रोजी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, सांता ॲना इथल्या वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या केंद्रात या क्लबची पहिली सभा भरवली. मेजवानीत वक्त्यांची ओळख करून देणाऱ्या आणि शुभेच्छांचे प्याले उंचावायला सांगणाऱ्या माणसाला इंग्रजीत टोस्टमास्टर म्हणत, त्यावरून हे नाव आलं. स्त्रियांना सभासदत्व मिळायला मात्र १९७३ साल उजाडावं लागलं. आज कुठल्याही सभेत सूत्रसंचालनापासून अध्यक्षपदापर्यंत बायका दिसतात, त्यांच्याकडे पाहताना मला ते साल आठवतंच.

या क्लबमध्ये शिक्षक नसतो. सभासदच आळीपाळीने बोलतात, वेळ मोजतात, भाषेकडे लक्ष ठेवतात आणि एकमेकांना अभिप्राय देतात. सभा साधारण एक ते दोन तास चालते. ती बहुतेक ठिकाणी तीन भागांत असते: पूर्वतयारी करून केलेली भाषणं, आयत्या वेळी दिलेल्या विषयावर बोलण्याचं सत्र आणि शेवटी मूल्यमापन. या संस्थेशी काही संबंध नसलेले स्वतंत्र क्लबही असतात. त्यांचे नियम सैल असतील, पण हे तीन भाग कुठल्या ना कुठल्या रूपात तिथेही सापडतात. पुढे मी दिलेल्या वेळा टोस्टमास्टर्सच्या नेहमीच्या सभेतल्या आहेत.

जाण्याआधी

क्लबच्या पदाधिकाऱ्यांना एक निरोप पाठवा आणि तीन गोष्टी विचारा. सभा कोणत्या भाषेत चालते? ती प्रत्यक्ष असते, ऑनलाइन असते की दोन्ही? आणि पाहुण्यांना बोलायला उभं करतात का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चांगल्या क्लबकडून ‘तुमची इच्छा असेल तरच’ असं येतं. उत्तर काहीही आलं तरी एवढं पक्कं समजा की पाहुण्याला ‘आज मी फक्त ऐकायला आलोय’ असं म्हणता येतं. हे वाक्य म्हणायला लाजू नका.

अर्ध्या मिनिटाची ओळख मात्र तयार ठेवा, कारण ‘आपल्यात आज कोण पाहुणे आहेत?’ हा प्रश्न जवळपास नक्की येतो. नाव, काम आणि इथे येण्यामागचं एक खरं कारण पुरे. कारण जितकं नेमकं सांगाल तितकं बरं. ‘आत्मविश्वास वाढवायचाय’ असं सगळेच म्हणतात आणि ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. एकदा एक पाहुणी म्हणाली होती, ‘मीटिंगमध्ये मला मुद्दा सुचतो, पण मी तोंड उघडेपर्यंत विषय पुढे सरकलेला असतो.’ मध्यंतरात चार जण आपणहून तिच्याशी बोलायला गेले. ओळख पाठ करू नका. घरी दोनदा मोठ्याने म्हणून बघा, बास.

सोबत वही आणि पेन घ्या. फोनवर टिपणं काढणारा माणूस समोरून पाहणाऱ्या वक्त्याला निरोप वाचत बसल्यासारखा दिसतो. पंधरा मिनिटं आधी पोचा. उशिरा पोचलात, तर सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत जागा शोधावी लागते आणि तीच तर भीती असते. शिवाय आधी पोचलात तर खुर्च्या लावायला हात लावता येतो. अनोळखी जागी रुळायला त्याच्याइतका सोपा मार्ग मला अजून सापडलेला नाही.

बसायला दुसरी किंवा तिसरी रांग निवडा. तिथून वक्त्याचे डोळे दिसतात आणि वक्त्यालाही तुमचे दिसतात.

हातात येणारा कागद

सभेच्या सुरुवातीला कार्यक्रमपत्रिका मिळते किंवा पडद्यावर दिसते. त्यावर इतक्या भूमिका असतात की पहिल्यांदा गोंधळायला होतं. सूत्रसंचालन करणारा त्या दिवसाचा टोस्टमास्टर. वेळ मोजणारा टायमर. ‘अं’, ‘म्हणजे’, ‘तर’ अशा भरतीच्या शब्दांची मोजदाद करणारा आह काउंटर. भाषेकडे लक्ष ठेवणारा ग्रामेरियन, जो त्या सभेत बोलताना वापरायचा ‘आजचा शब्द’ही देतो. उत्स्फूर्त सत्र चालवणारा टेबल टॉपिक्स मास्टर. प्रत्येक तयार भाषणाला एकेक मूल्यमापक. आणि या सगळ्या सभेचंच मूल्यमापन करणारा जनरल इव्हॅल्युएटर. हे सगळं पहिल्या दिवशी पाठ व्हायची गरज नाही.

एक काम मात्र करा. वहीच्या कोपऱ्यात एक चौकट आखा आणि आह काउंटरसोबत तुम्हीही मोजा, पण एकाच वक्त्याचं आणि एकच गोष्ट. मराठीत ‘अं’पेक्षा ‘म्हणजे’, ‘ना’, ‘काय आहे की’, ‘आणि मग’ हे जास्त सापडतात. हल्ली ‘बेसिकली’ आणि ‘ॲक्च्युअली’ही. चार-पाच मिनिटांत एक गोष्ट लक्षात येईल. हे शब्द वाक्याच्या मध्ये कमी येतात; एक विचार संपून दुसरा सुरू होण्याच्या सांध्यावर त्यांची गर्दी असते. म्हणजे उपायही त्याच सांध्यावर करायचा. वाक्य संपलं की तोंड मिटायचं, श्वास घ्यायचा आणि मग पुढचं वाक्य. बोलणाऱ्याला ती शांतता फार लांब वाटते. ऐकणाऱ्याला ती विचार पचवायला लागणाऱ्या वेळेएवढी असते, हे दुसऱ्याचं मोजताना पटतं. स्वतःच्या भाषणात ते पटायला फार उशीर लागतो.

आयत्या वेळचा विषय

टेबल टॉपिक्सच्या सत्रात नाव पुकारलं जातं, प्रश्न ऐकवला जातो आणि तिथल्या तिथे एक ते दोन मिनिटं बोलायचं असतं. किती वेळ झाला हे टायमर कार्ड दाखवून सांगतो: एक मिनिटाला हिरवं कार्ड, दीड मिनिटाला पिवळं, दोन मिनिटांना लाल. त्यापुढे तीस सेकंदांची सवलत. पाहुण्यांना सगळ्यात जास्त धडकी याचीच भरते. माझ्या मते पहिली उडी मारायला जागाही हीच. इथे कोणाचीच तयारी नसते, त्यामुळे सगळे एकाच पायरीवर उभे असतात.

कसं बोलायचं ते एका उदाहरणावरून सांगते. समजा प्रश्न आला, ‘तुमच्याजवळची सर्वांत जुनी वस्तू कोणती?’ बहुतेक जण उठता उठताच बोलायला लागतात: ‘तसं बघायला गेलं तर वस्तू म्हणजे काय, आयुष्यात अनेक वस्तू येतात आणि जातात…’ बोलता बोलता काहीतरी सुचेल या आशेवर हे चाललेलं असतं आणि चाळीस सेकंद गेले तरी वस्तू दिसत नाही.

त्याऐवजी असं करा. प्रश्न ऐकल्यावर खुर्चीतून उठून पुढे जाईपर्यंत चार-पाच पावलं मिळतात. तेवढ्यात एकच गोष्ट ठरवा: कोणती वस्तू. मत, तत्त्वज्ञान, निष्कर्ष काहीही ठरवू नका. पुढे पोचलात की दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवा, कोणा एकाकडे पाहा आणि पहिल्याच वाक्यात वस्तूचं नाव घ्या. ‘माझ्याकडे एक स्टीलची फूटपट्टी आहे, तिच्यावरचे एक ते चारपर्यंतचे आकडे पुसले गेलेत.’ या वाक्यानंतर ऐकणाऱ्याला आपोआप प्रश्न पडतो की ते आकडे कसे पुसले गेले. आता त्याचं उत्तर द्या. कोणाची होती, कशासाठी वापरत, तुमच्याकडे कशी आली. एक प्रसंग, एक माणूस. पिवळं कार्ड दिसलं की नवा प्रसंग उघडू नका. पुन्हा त्या पट्टीकडे या. ‘आजही मी रेघ मारायला सुरुवात पाचपासून करते.’ आणि थांबा. धन्यवाद म्हणून हात झटकण्याची घाई नको. शेवटचं वाक्य संपल्यावर एक क्षण तिथेच उभं राहिलं की ते वाक्य खोलीभर पोचतं.

प्रश्न मतावर असेल, ‘घरून काम करणं चांगलं की वाईट?’ अशा थाटाचा, तरीही रस्ता हाच. बाजू निवडा, ती पहिल्या वाक्यात सांगा आणि तिच्यासाठी तुमच्या अनुभवातला एक दिवस समोर ठेवा. दोन्ही बाजूंना न्याय देण्याचा मोह दोन मिनिटांत पुरा होत नाही. आणि प्रश्न समजलाच नाही, तर ‘पुन्हा वाचाल का?’ असं विचारायला पूर्ण मुभा असते.

उभं राहिल्यावर छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हात गार होतात. शरीर समोरच्या प्रसंगासाठी सज्ज होत असतं, त्याची ही लक्षणं आहेत आणि अनुभवी वक्त्यांनाही ती जाणवतात. दोन संशोधनं मला इथे फार उपयोगी पडली. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवलं की आपण किती घाबरलो आहोत ते समोरच्यांना दिसतंय असं बोलणाऱ्याला जेवढं वाटतं, तेवढं ते दिसत नाही. आणखी महत्त्वाचं म्हणजे, ज्या वक्त्यांना ही गोष्ट आधी सांगितली होती, त्यांची भाषणं जास्त चांगली झाली. दुसरं २०१४ सालचं, ॲलिसन वुड ब्रूक्स यांचं. भाषणाआधी स्वतःला ‘मी शांत आहे’ असं बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ असं मोठ्याने म्हणणारे जास्त प्रभावी बोलले. याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की धडधड थांबवायच्या नादी लागू नका. नाव पुकारण्याआधी दोन-तीनदा श्वास आत घेतलात त्यापेक्षा सावकाश बाहेर सोडा आणि धडधडीसकट उठा. तुमचे कापणारे गुडघे तिसऱ्या रांगेतून दिसत नाहीत. मी तिथे बसून अनेकदा शोधले आहेत.

पहिलं तयार भाषण

सभासद झाल्यावर येणाऱ्या पहिल्या भाषणाला आइस ब्रेकर म्हणतात. विषय तुम्ही स्वतः, वेळ चार ते सहा मिनिटं. हिरवं कार्ड चारला, पिवळं पाचला, लाल सहाला. पुढची बहुतेक भाषणं पाच ते सात मिनिटांची असतात.

आइस ब्रेकरमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे जन्मापासून आजवरचं सगळं सांगणं. शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, दुसरी नोकरी, छंद. ऐकणाऱ्याच्या हाती बायोडेटा लागतो, माणूस लागत नाही. आयुष्यातला एक धागा उचला. उदाहरणार्थ, तुम्ही राहिलेली तीन घरं. किंवा तुम्ही शिकायला सुरुवात करून अर्धवट सोडलेल्या गोष्टी. किंवा तुमच्या नावाचा लोकांनी केलेला उच्चार. असा धागा मिळाला की काय घ्यायचं आणि काय गाळायचं हे तोच सांगतो.

मग आकडा काढा. फोनवर एक मिनिटाचं टायमर लावून तुमच्या नेहमीच्या गतीने एखादा परिच्छेद मोठ्याने वाचा आणि शब्द मोजा. समजा ११० भरले. पाच मिनिटांच्या भाषणाला ५५० शब्द लागतील असं वाटेल, पण ४७० ते ४८० मध्येच थांबा. हशा, विराम, आवंढा गिळणं, हे सगळं वेळ खातं. माझ्या पाहण्यात वेळ कमी पडल्याची तक्रार करणारे नव्वद टक्के म्हणण्याइतके वक्ते घरी मनातल्या मनात वाचून सराव करणारे होते. सराव उभं राहून, पूर्ण आवाजात आणि घड्याळ लावूनच करायचा.

सगळं पाठ करू नका. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य पाठ हवं. मधल्या भागासाठी कार्डावर चार-पाच शब्द लिहून ठेवा. पाठ केलेल्या भाषणात एक शब्द निसटला की मागची सगळी माळ ओघळते. कार्डावर ‘तिसरं घर, गच्ची’ एवढंच लिहिलेलं असेल, तर गच्चीबद्दल बोलायला कुठलाही शब्द चालतो.

भाषणाच्या दिवशी दोन कामं विसरू नका. सूत्रसंचालकाला तुमची दोन-तीन ओळींची ओळख लिहून द्या, नाहीतर तो आयत्या वेळी काहीतरी जुळवतो. आणि तुमच्या मूल्यमापकाला सभेआधी गाठा. त्याला सांगा, ‘माझा आवाज वाक्याच्या शेवटी पडतो असं मला वाटतं. तेवढं बघाल?’ हे दुसरं काम फार कमी जण करतात. ते केलं की त्या दिवशीचा अभिप्राय तुमच्या कामाचा होण्याची शक्यता कितीतरी वाढते.

मूल्यमापन

आता मुख्य गोष्ट. मूल्यमापक दोन ते तीन मिनिटं बोलतो. कार्ड दोन, अडीच आणि तीन मिनिटांना. इतक्या थोड्या वेळात दुसऱ्याच्या कामाबद्दल खरं, उपयोगी आणि त्याला पुन्हा उभं राहावंसं वाटेल असं बोलायचं. संपूर्ण संध्याकाळीत याहून अवघड भाषण कुठलं नसतं.

माझ्या दुसऱ्या भाषणात मी वडिलांच्या मनगटी घड्याळाबद्दल बोलले होते. बोलून झाल्यावर टाळ्या पडल्या, मी खूश होते. मग एक ज्येष्ठ सभासद उठले. ते म्हणाले, ‘घड्याळाचा पट्टा सैल होता असं तुम्ही सांगितलंत तेव्हा स्वतःच्या मनगटाकडे पाहिलंत. तिथे घड्याळ नव्हतं, तरी मला ते दिसलं. त्यानंतर तुम्ही आणखी दोनदा तिकडे पाहिलंत, पण तेव्हा घड्याळाचा विषय नव्हता. तिसऱ्यांदा मला वाटलं, यांचा वेळ संपत आलाय. पुढच्या वेळी ती नजर एकदाच वापरा आणि त्यावर थांबा.’ बस. मी काय केलं, त्यांना काय वाटलं, पुढे काय करायचं. त्यांनी माझ्या आत्मविश्वासाबद्दल चकार शब्द काढला नाही आणि मला त्याची गरजही भासली नाही. त्या दिवशीचं माझं भाषण मला आता धड आठवत नाही, त्यांची ती पाच वाक्यं मात्र शब्दशः आठवतात.

तेव्हापासून मूल्यमापनाची वही मी तीन रकान्यांत आखते. पहिल्यात जे डोळ्यांनी पाहिलं किंवा कानांनी ऐकलं ते, वक्त्याच्याच शब्दांत. दुसऱ्यात त्या क्षणी माझ्यावर काय परिणाम झाला. तिसऱ्यात सूचना. ‘देहबोली चांगली होती’ हे वाक्य पहिल्या रकान्यात बसतच नाही, कारण ते काही पाहिलेलं नाही, तो शेरा आहे. ‘गच्चीचा प्रसंग सांगताना तुम्ही एक पाऊल मागे आलात’ हे बसतं. रकाने भरल्यावर सात-आठ गोष्टी जमतात. त्यातल्या दोन जमलेल्या आणि एक सुधारण्याजोगी एवढ्याच बोलायच्या. बाकीच्या वहीत राहू द्या. खूपच महत्त्वाचं असेल तर सभेनंतर खाजगीत सांगा.

याची दुसरी बाजूही पाहिली आहे. एका क्लबमध्ये एका मूल्यमापकाने पहिल्यांदाच बोलणाऱ्या मुलाच्या चुका क्रमांक घालून वाचल्या. चौदा होत्या. प्रत्येक चूक खरी होती. तो मुलगा मान हलवत, हसत ऐकत होता, आणि पुन्हा कधीच आला नाही. मी त्या सभेत होते आणि नंतर त्याला गाठून दोन शब्द बोलले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पाहुणे म्हणून गेलात आणि असं काही दिसलं, तर त्या वक्त्याला जाताना एवढं नक्की सांगा की त्याच्या भाषणातलं काय तुमच्या लक्षात राहिलं.

उलट टोकही तितकंच निरुपयोगी. ‘अप्रतिम, सुधारणेला जागाच नाही’ असं ऐकून वक्ता सुखावतो, पण पुढच्या भाषणात काय करायचं हे त्याला कळत नाही. नव्या सभासदाला दुखवायचं नाही म्हणून काही क्लबमध्ये सगळे असंच बोलायला लागतात. अशा क्लबमध्ये लोक वर्षभर गोड वातावरणात राहतात आणि होते तिथेच राहतात.

अभिप्राय घ्यायचा कसा, हेही शिकावं लागतं. तो चालू असताना समोरच्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. लिहीत असलात की स्वतःची बाजू मनात मांडायला फुरसत मिळत नाही. ‘माइक नीट नव्हता’, ‘तो विनोद मुद्दाम तसा ठेवला होता’ ही स्पष्टीकरणं गिळून टाका. ऐकणाऱ्याला जे पोचलं ते पोचलं. नंतर भेटून एकच प्रश्न विचारा: ‘तुमचं लक्ष नेमकं कुठे उडालं?’ याचं उत्तर लोक प्रामाणिकपणे देतात, कारण त्यात त्यांना तुमच्यावर निकाल द्यावा लागत नाही. आणि पुढच्या भाषणात एकच गोष्ट बदला. आवाज, हात, विराम आणि शेवट एकदम दुरुस्त करायला गेलेला माणूस स्वतःवर पहारा ठेवता ठेवता बोलायचंच विसरतो.

टोस्टमास्टर्सच्या पाथवेज अभ्यासक्रमात पहिल्याच पातळीवर एक प्रकल्प असतो: भाषण करा, अभिप्राय घ्या, तो वापरून पुन्हा भाषण करा, आणि मग दुसऱ्या कोणाचं तरी मूल्यमापन करा. नवीन सभासद हा प्रकल्प पुढे ढकलतात, कारण यातलं काही भाषणं ठोकल्यासारखं वाटत नाही. मी त्यांना उलटं सांगते. हाच आधी उरका.

सभासद व्हायचं का, हे कसं ठरवावं

घाई करू नका. जवळपास दोन-तीन क्लब असतील तर सगळे पाहा. एकाच संस्थेचे क्लबही स्वभावाने पार वेगळे असतात. पाहताना वक्ते किती तयारीचे आहेत यावर जाऊ नका. सभा वेळेवर सुरू झाली का? मूल्यमापनात नेमकी उदाहरणं आली का? नव्या सभासदांना पत्रिकेत काम मिळालेलं दिसतं का, की तेच चार अनुभवी चेहरे पुन्हा पुन्हा उठतात? मध्यंतरात तुमच्याशी कोणी आपणहून बोललं का? पहिले दोन प्रश्न माझ्या लेखी सगळ्यात वजनाचे आहेत. सभेच्या शेवटी पाहुण्यांना मत विचारतात. तेव्हा ‘छान वाटलं’ म्हणून बसू नका. जे पाहिलं त्यातलं एक नेमकं सांगा. ते तुमचं पहिलं मूल्यमापन असेल.

सभासद झालात की पहिली भूमिका टायमरची मागून घ्या. ती सोपी समजतात, पण तिच्यात तीन गोष्टी सांभाळायच्या असतात. वक्त्याचा पहिला शब्द किंवा पहिली ठळक हालचाल दिसली की घड्याळ सुरू करायचं, सूत्रसंचालकाचं बोलणं चालू असताना नव्हे. कार्ड वक्त्याला दिसेल इतकं वर आणि पुढचं कार्ड येईपर्यंत धरून ठेवायचं. झटकन दाखवून खाली घेतलेलं कार्ड निम्म्या वक्त्यांना दिसतच नाही. आणि शेवटी प्रत्येकाची वेळ नावासकट वाचायची. सभेच्या सुरुवातीला टायमरला आपली भूमिका अर्ध्या मिनिटात समजावून सांगायची असते. ती कागद न बघता, लोकांकडे पाहून सांगा. व्यासपीठावरचं तुमचं पहिलं बोलणं ते असतं आणि त्यात चुकण्यासारखं जवळपास काही नसतं.

त्यानंतर आह काउंटर, मग टेबल टॉपिक्समध्ये दोन-तीनदा, मग आइस ब्रेकर. साधारण दोन महिन्यांत इतकं आरामात होतं. भाषणाची तारीख मात्र लवकर घ्या. तारखा देण्याचं काम शिक्षण विभागाच्या उपाध्यक्षांकडे, म्हणजे व्हीपी एज्युकेशनकडे असतं. ‘तयारी झाली की सांगतो’ म्हणणाऱ्यांची तयारी होत नाही, हे त्या पदावर बसलेल्या कोणालाही विचारा.

घरी परतल्यावर

त्याच रात्री झोपण्याआधी वहीत तीन ओळी लिहा. आज कोणाचं कोणतं वाक्य अजून आठवतंय? माझं लक्ष कुठे उडालं आणि तेव्हा वक्ता काय करत होता? आजच्या टेबल टॉपिक्समधला एक प्रश्न मला आला असता तर माझं पहिलं वाक्य काय असतं? तिसरी ओळ लिहून झाली की उभे राहा, फोनवर दोन मिनिटं लावा आणि त्या वाक्यापासून बोलायला सुरुवात करा, खोलीत कोणी नसलं तरी. आणि सभासद झालात की व्हीपी एज्युकेशनला निरोप पाठवा: पुढच्या सभेत टायमर मी.